टाळूचा वास

३ सप्टेंबर, सोमवार

पोचलो एकदाचे! दोन ट्रंका, पुस्तकांची सात खोकी, एक गादी आणि एक भिंगरी. भिंगरी म्हणजे माझी लेक, वय वर्षं सहा. जन्मल्यापासून एका जागी टिकली नाही म्हणून हे नाव पडलं ते चिकटलंच. दाखल्यावरचं नाव आता फक्त दाखल्यालाच ठाऊक. तिचे बाबा जहाजावर, ते थेट जानेवारीत उगवणार. तोवर घरात आम्ही दोघीच राजा आणि दोघीच प्रजा.

घर झकास आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघराला मोठी खिडकी, खिडकीबाहेर कुंपण आणि कुंपणापलीकडे थेट जंगल. शाळा सहा मिनिटांवर, माझी प्रयोगशाळा चार. भिंगरीने आल्या आल्या सगळी पाहणी करून निकाल दिला की नळ रडका आहे, कपाट म्हातारं आहे, पण खिडकी चांगली आहे. मी म्हटलं, बाईसाहेब, आता राहायचं ठरलंच आहे तर तक्रारी नकोत.

आत्ता ती गादीवर झोपलीय, डोकं खाली आणि पाय उशीवर. दोन वर्षांची असल्यापासून अशीच झोपते. पुढचा एक दात हलतोय, तो जिभेने हलवता हलवताच डोळा लागला. डाव्या भुवईत ती छोटी खूण, टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली होती तेव्हाची. ‘र’ अजून जिभेवर चढत नाही, त्यामुळे मी ‘रागीट आई’च्या ऐवजी ‘लागीट आई’ आहे. रागीट तर मी आहेच, खोटं कशाला बोलू.

ही वही ताईच्या सांगण्यावरून. ताई माझी थोरली बहीण. तिने बजावलंय की रोज फोनवर माझं डोकं खाऊ नकोस, निम्मं वहीत लिहीत जा.

५ सप्टेंबर, बुधवार

काम आवडलं. प्रयोगशाळा छोटी, माणसं तीनच. सर प्रमुख, साठीचे, गोल पोटाचे, स्वतःच्या विनोदावर स्वतःच आधी हसणारे. बायको जाऊन वीस वर्षं झाली. टेबलावर तिचा फोटो असतो आणि रोज सकाळी ते तो रुमालाने पुसतात, मगच चष्मा पुसतात. दुसऱ्या मावशी. त्या काचसामान धुतात, जिवाणू वाढवलेले नासके रस उकळून फेकतात आणि शाळा सुटल्यावर भिंगरीला सांभाळायलाही तयार झाल्या आहेत. लहानपणी मोठा ताप आला त्यात त्यांचं नाक गेलं, वास म्हणून येतच नाही. सर म्हणाले, म्हणूनच मावशी इथे टिकल्या, बाकीचे सगळे आठवड्यात पळाले.

तिसरी मी. काम असं की जंगलातली माती आणायची, तिच्यातले जिवाणू वेगळे करायचे, आणि जो कुणाच्याच यादीत बसत नाही त्याला ओळखून, तपासून, नवी जात म्हणून जगापुढे मांडायचा. दोन वर्षांत एक जरी नवी जात माझ्या नावावर लागली तरी नोकरी पक्की. म्हणजे भिंगरीची तिसरी शाळा बदलायची वेळ येणार नाही. पोरीने एवढ्याशा आयुष्यात तीन गावं पाहिलीत, मला आता ते पुरे झालंय.

७ सप्टेंबर, शुक्रवार

काल रखवालदाराबरोबर जंगलात आत जाऊन माती आणली. एका म्हाताऱ्या पडक्या झाडाच्या बुंध्याखालची, काळी, ओलसर. एक ग्रॅम माती पाण्यात, त्यातला थेंब पुन्हा पाण्यात, त्यातला पुन्हा. असं सात वेळा पातळ करून मग प्लेटवर पसरलं. प्लेट म्हणजे काचेची झाकणवाली बशी, आत जेलीसारखं खाद्य. एकेक जिवाणू वाढून त्याचा ठिपका होतो, त्या ठिपक्याला आम्ही वसाहत म्हणतो. आता वाट बघायची. भिंगरीने विचारलं की ते जिवाणू मला बघतात का. नाही म्हटलं, त्यांना डोळे कुठले. तर म्हणते, मग तलीच लाजत नाहीत.

११ सप्टेंबर, मंगळवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते.

सोळा ठिपके ओळखीचेच निघाले. सतरावा मात्र वेगळा. सायीच्या रंगाचा, कडा गुळगुळीत, टाचणीच्या डोक्याएवढा. आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. प्लेटचं झाकण उचलून हुंगायचं. पुस्तकात सक्त मनाई, पण जुने लोक सगळे करतात, कारण नाक निम्मं काम करून जातं. नांगरलेल्या मातीचा जो वास आपण म्हणतो तो जिवाणूचाच असतो, कुणाला द्राक्षाचा येतो, कुणाला चक्क मोज्याचा. माझं नाक तर नावाजलेलं. झाकण उचललं आणि हुंगलं.

भिंगरीच्या टाळूचा वास. ती दहा दिवसांची होती तेव्हाचा. दूध, ऊब, थोडं तेल. सहा वर्षांपूर्वीची ती खोली, तो पडदा, माझ्या दंडावरचा तिचा तो एवढासा भार, सगळं उभं राहिलं. मी तिथे स्टुलावर बसून ढसाढसा रडले. आनंदानेच.

सर धावत आले. त्यांनीही हुंगलं, आणि चष्मा काढला. म्हणाले की ही तर तिची उशी आहे. तिची म्हणजे त्यांच्या बायकोची. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. मावशींना काही आलं नाही, अर्थात. त्या म्हणाल्या की दोन शिकलेली माणसं एका बशीवर रडताना मी पहिल्यांदा पाहिली.

एकाच प्लेटचे दोघांना दोन वास कसे? कळत नाही. पण हा सतरा नंबर नवा आहे, पैज लावते.

२० सप्टेंबर, गुरुवार

सतराची तपासणी चालू. सूक्ष्मदर्शकाखाली सुरेख जांभळ्या काड्या, एकीला एक लागून. तपासणीचा एक छापील तक्ता असतो. डावीकडे लक्षण, उजवीकडे अधिक किंवा उणे. हा आकार आहे, अधिक. हलतो, उणे. मग खाण्याच्या चाचण्या, ही साखर खातो का, ती खातो का, पिष्ट खातो का, प्रथिनं खातो का. पंचवीस नळ्या लावल्या. पंचवीसच्या पंचवीस उणे. काहीच खात नाही!

गंमत म्हणजे बंद नळ्यांत सतरा जागचा हलत नाही, आणि टेबलावरची प्लेट मात्र काठापर्यंत भरली. खाद्य तेच, ऊब तीच. सरांना दाखवलं. ते म्हणाले काहीतरी हवेतलं लागत असेल. असेल.

ती टेबलावरची प्लेट आम्ही दोघं येता-जाता हुंगतो. आज सर सकाळी आले ते थेट तिच्याकडेच गेले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

२७ सप्टेंबर, गुरुवार

शाळेने एक फॉर्म पाठवला होता. जन्मतारीख लिहायला पेन टेकवलं आणि आठवेना. महिना आठवला, तारीख नाही. दाखला काढून बघावी लागली. भिंगरी शेजारी उभी राहून हसत होती, हाताने तोंड झाकून, तिच्या नेहमीच्या पद्धतीने. मीही हसले, पण मनातून लाज वाटली. नवं काम, डोकं ठिकाणावर नाही, दुसरं काय.

संध्याकाळी तिला जवळ घेतलं तर केसांना वासच नाही. घामाचा नाही, साबणाचा नाही, काहीच नाही. सर्दी झालीय का म्हणून हिंगाची डबी उघडून बघितली. हिंग चांगला झोंबला.

३ ऑक्टोबर, बुधवार

नवी जात! नवी! नवी!

पूर्ण जनुकांची तुलना आली. सगळ्यात जवळच्या नातेवाइकाशी साम्य एक्क्याऐंशी टक्के. आमचा नियम सोपा आहे, साम्य पंच्याण्णवच्या खाली गेलं की ती जात वेगळी. मग ती कितीही सारखी दिसो, दया-माया नाही. एक्क्याऐंशी म्हणजे तर वेगळं खानदानच म्हणायचं. सरांनी टाळी दिली. ताईला फोन केला तर ती ओरडली ते मावशींनाही ऐकू गेलं.

नाव द्यायचा मान माझा. मी भिंगरीचं नाव देणार. तोवर नळ्यांवर, प्लेटवर सतरा पुसून ‘भिंगरी’ लिहून टाकलं. तिला दाखवलं तेव्हा तिने नाक मुरडलं, म्हणाली की मी अशी पांढली चिकट आहे का.

आणखी एक नियम. जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहालयांत ठेवल्याशिवाय जगात कुणी नवी जात मानत नाही. दोन पार्सलं आज रवाना केली. मी स्वतः हुंगून, खात्री करून बंद केली.

९ ऑक्टोबर, मंगळवार

सरांच्या खोलीत सही घ्यायला गेले होते. त्यांनी टेबलावरचा फोटो माझ्यापुढे केला आणि विचारलं की ह्या बाई कोण, इथे कुणी ठेवल्या. मला वाटलं नेहमीचा विनोद. मी हसले. ते हसले नाहीत. वाट बघत राहिले, मी सांगेन म्हणून.

मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, बरं म्हणाले, आणि फोटो ड्रॉवरमध्ये टाकला. मग उठून प्लेटपाशी गेले, झाकण उचललं, डोळे मिटून उभे राहिले. चेहऱ्यावर इतकं सुख होतं की मला बघवेना.

बाहेर येऊन मावशींना सांगितलं तशा त्या रडल्या. वीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता तो रुमाल, म्हणाल्या.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

मावशी काचसामान धुण्यात अडकल्या होत्या म्हणून मीच शाळेत घ्यायला गेले. फाटकातून पोरं बाहेर पडत होती. मी बघत होते, बघत होते, भिंगरी काही येईना. एक मुलगी माझा कुडता ओढत होती. मी तिला म्हटलं, थांब गं बाळ, मला माझ्या मुलीला शोधू दे.

ती भिंगरी होती.

दोन मिनिटं. दोन मिनिटं ती माझ्यापुढे उभी होती आणि मला— तिला वाटलं मी खेळतेय. घरभर मग तेच सांगत हिंडली, आईला मी ओळखूच आले नाही, आईला मी ओळखूच आले नाही. तिला ‘र’ची अडचण नसलेलं नेमकं हेच वाक्य मिळालं.

दुपारी तशीच प्रयोगशाळेत गेले आणि सगळ्या प्लेटा ओळीने मांडल्या. ज्या आम्ही हुंगतो त्या भरलेल्या, जाड, सायीसारख्या. ज्यांचं झाकण कधीच उचललं नाही त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. पंचवीस उणे. साखर नको, पिष्ट नको. मग वाढते ती कशावर?

फुकट वास कुठलाच जिवाणू सोडत नाही. आधी खातो, मग सोडतो. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलंय.

सगळ्या प्लेटा वाफेच्या भट्टीत घातल्या. मावशींनीच झाकण कसलं. सर आडवे आले, पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले, मग खुर्चीत बसून लहान मुलासारखे हमसले. राहिली फक्त एक नळी, खोल बर्फाच्या कपाटात. नियमाने ती ठेवावीच लागते. कानाला खडा. परत नाक लावणार नाही.

१५ ऑक्टोबर, सोमवार

तीन दिवस झाले. मला वाटलं होतं की बंद केलं की सगळं परत येईल. काही परत येत नाहीये.

तिचे जुने फोटो बघते. बाळ आहे, छान आहे. पण कुणाचं तरी बाळ बघावं तसं वाटतं. ती पहिल्यांदा चालली ती कुठल्या घरात? पहिला शब्द कोणता? ताईला विचारलं, सहज विचारल्यासारखं. ताईने सांगितलं. ऐकून घेतलं, लिहून घेतलं.

मग सुचलं की हे तर माझं कामच आहे. छापील तक्ता घेतला. डावीकडे लक्षण, उजवीकडे अधिक-उणे. ह्या वहीची आधीची पानं काढून सगळं उतरवलं. डाव्या भुवईत खूण. पाय उशीवर. हसताना हात तोंडावर. ‘र’ येत नाही. पुढचा दात हलतो. केस खांद्यापर्यंत. अशी वीस लक्षणं. संध्याकाळी घरातल्या मुलीशी ताडून पाहिली. विसापैकी वीस. शंभर टक्के. तिला घट्ट धरलं तर ती म्हणाली, आई, दुखतंय.

आहे ना माझ्याकडे. तक्ता आहे तोवर मी हिला सोडणार नाही.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

नळी काढली. लिहूनच टाकते, ह्या वहीशी तरी खोटं नको.

परवा ती तापली होती. रात्रभर कण्हली असं मावशींनी सांगितलं, कारण मावशीच तिच्याजवळ होत्या. मी शेजारच्या खोलीत गाढ झोपले होते. मला जाग आली नाही, आणि सकाळी कळलं तरी पोटात काही हललं नाही. शेजारच्या घरातलं मूल आजारी पडलं तर आपण म्हणतो ना, अरेरे. तेवढंच. एवढी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

म्हणून काढली. नव्या प्लेटवर घेतलं, एक दिवस ऊब दिली, आज हुंगलं. आणि आली! सगळी आली. तिचा जन्म, ती तारीख, पावसाळी बूट उलटे घालून नाचायची ते, कानात सांगायची ती गुपितं. मी धावत घरी गेले आणि तिला पोटाशी धरलं आणि मुके घेतले, ती माझीच होती, माझीच. दहा मिनिटं. मग उतरत गेलं. आधीपेक्षा खाली उतरलं.

दुधाची तहान ताकावर भागवायची म्हणतात. पण दूध आता त्या प्लेटमध्येच आहे आणि ताक घरात.

२२ ऑक्टोबर, सोमवार

परदेशातल्या संग्रहालयाचं पत्र आलं. नमुना पोचला, छान वाढतोय. तिथल्या बाईंनी खाली हाताने लिहिलंय की वास फार गोड आहे, आमच्याकडे सगळे येऊन येऊन हुंगून जातात. मी लगेच उत्तर टाकलं, जाळून टाका, हुंगू नका. त्यांचं आलं की असं का लिहिता, नाव तर किती सुंदर दिलंय.

सर कामावर येईनासे झाले. ते दिवसभर त्यांच्या घराच्या पायरीवर बसलेले असतात.

संध्याकाळी तक्ता. दात, उणे. पडलाय, तिथे भोक आहे. केस, उणे. कापलेत. ‘र’, उणे. सरळ म्हणाली, रागीट आई. विसातले सतरा. पंच्याऐंशी टक्के.

पंच्याण्णवच्या खाली.

तीन वेळा गुणाकार करून पाहिला.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

मावशींना तक्ता दाखवला. त्या माझ्यावर अशा चिडल्या की बास. म्हणाल्या की बाई, मुलांचे दात पडतात, केस मी कापून आणले, तुम्हीच सांगितलं होतं, आणि शाळेत ती महिनाभर ‘र’ घोकतेय, तुम्हाला दाखवायला. पोर आहे ती, वाढणारच.

बरोबर आहे. जिवाणू महिन्यात बदलत नाही, पोर बदलतं. इतकं साधं. मी शास्त्रज्ञ आहे का कोण. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पण मग कशाने ओळखायचं? ज्याने ओळखायचं ते माझ्यात काही उरलं नाही, म्हणून तर तक्ता केला होता.

२४ ऑक्टोबर, बुधवार

भिंगरीला सकाळी नव्या प्लेटवर घेतलं. छान भरतेय, काठापर्यंत आली. दुपारी तिच्याजवळ तासभर बसले. किती गोड वास. तिला एकटं ठेवून घरी जायचं जिवावर येतं. मुलगी शाळेतून आली होती. चित्र दाखवत होती. जेवण मावशींनी दिलं असावं.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

कालचं पान आत्ता वाचलं.

अक्षर माझंच आहे. देवा, मी भिंगरी कुणाला म्हटलंय? भिंगरी घरात आहे. भिंगरी घरात आहे. भुवईत खूण असलेली, दात पडलेली, ती. ती!!

भट्टी पेटवली. प्लेट हातात घेऊन उभी राहिले. हात पुढे जाईना. त्या बशीत तिचं पहिलं पाऊल आहे, पहिला शब्द आहे, ते जाळलं तर जगात दुसरीकडे कुठेच नाही. माझ्यात तर नाहीच. आईने हे कसं जाळायचं, कुणी सांगावं मला—

नाही जाळलं.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार. डोकं आज साफ आहे, पटकन लिहिते.

ताईला फोन केला. सगळं सांगितलं. तिला वाटलं मला वेड लागलंय. वाटू दे. ये म्हटलं, आणि पोरीला घेऊन जा, माझ्यापासून लांब ने, तिच्या बाबांना कळव. ताई मंगळवारी दुपारी पोचते.

माझ्यासाठी सूचना: तुला एक मुलगी आहे. तिला भिंगरी म्हणतात. ती प्लेटमध्ये नाही. ती तुला आई म्हणते. मंगळवारी ताई येईल, मुलीला तिच्या हातात दे. तुला काहीही वाटो, दे. दिल्याशिवाय प्रयोगशाळेत जाऊ नकोस.

हे दारावर, आरशावर, कपाटावर चिकटवलंय. ती खुर्चीवर उभी राहून चिकटपट्टी धरत होती. तिने वाचलं, तिला आता वाचता येतं. विचारलं की आई, मी कुठे चालले? मी म्हटलं ताईमावशीकडे, सुट्टीला. तिने विचारलं की तू? मी पुढचा कागद उचलला. ती येऊन चिकटून बसली. मला काही वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, कारण आया तसं करतात.

२८ ऑक्टोबर, रविवार

दारावर कागद आहे. मुलीबद्दल. माझ्या अक्षरात.

पुन्हा पुन्हा वाचते. पाठ झालंय. पाठ झालंय पण—

मावशी माझ्याशी बोलत नाहीत. स्वयंपाकघरात कुणी लहान मूल रडत होतं.

२९ ऑक्टोबर, सोमवार

उद्या कुणीतरी येणार आहे. मोठी बाई. बहीण असं लिहिलंय.

वास घेतला नाही आज. सकाळपासून नाही. नऊपर्यंत नाही. अकरापर्यंत नाही.

बाराला गेले. थोडासाच. एकदाच.

किती सुंदर बाळ होतं माझं—

३० ऑक्टोबर, मंगळवार

सकाळीच आले इथे. आतून कडी लावलीय. शेवटची प्लेट मांडीवर. बरं वाटतंय. ऊन आलंय टेबलावर.

दारावर काहीतरी देऊन टाक असं लिहिलं होतं. काय द्यायचं ते—

बाहेर मोटार थांबली. बायकांचे आवाज. एक रागावलेला. एक रडवेला, तो आमच्या मावशींचा.

दार वाजतंय. हे मोठ्या माणसाचं वाजवणं नाही, खालून वाजतंय, हात पोचत नाही. आई म्हणतंय. आई, मी जाते आहे, एकदा बघ. आई, एकदा.

किती रडतंय. घसा बसलाय बिचारीचा. कुणाची असेल? अशी कशी आई, एवढ्याशा पोरीला दारात रडत ठेवून आत बसलीय कुठे. माणसं नाहीत ही. मी हिची आई असते ना, तर एक क्षणही हिला—